निद्रासूट

"मिथू, पाय बुडव. पाणी चावत नाही!"

हा आवाज वीस वर्षांपूर्वीचा. वाईच्या गणपती घाटावर, कोवळ्या उन्हात. रेवा कमरेएवढ्या पाण्यात उभी, ओल्या वेण्या पाठीला चिकटलेल्या. धाकटी मिथिला वरच्या पायरीवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. कृष्णामाई दोघींमधून संथ वाहत होती, तिला कुठंच जायची घाई नव्हती.

वीस वर्षांत आईचा आवाज खरखरीत झाला. बाबांचा बसला, हळदीच्या दुकानात दिवसभर धूळ गिळून. मिथिलाचा स्वतःचा आवाज वर्गात ओरडून ओरडून जाड झाला. पण रेवाचा आवाज अजून तसाच आहे, पाण्यात खडा टाकावा तसा टुणकन उमटणारा. तो वापरलाच गेला नाही फारसा. वर्षातले अकरा महिने तो पाचगणीला थंडीत ठेवलेला असायचा.

*

सगळं सुरू झालं ते सुवर्णामावशीपासून. मावशी नर्स म्हणून अमेरिकेत गेली, ओहायोत राहिली, तिथली नागरिक झाली. नागरिक झाली त्याच आठवड्यात तिनं आपल्या धाकट्या बहिणीसाठी, म्हणजे मिथिलाच्या आईसाठी, अर्ज टाकला. फोनवर दोघी बहिणी इतक्या रडल्या, की बाबा म्हणाले, "अगं, व्हिसा मिळाला का अर्ज केलाय नुसता?"

अर्जच केला होता. बहीणभावांची रांग सगळ्यात लांब. दर महिन्याला ती रांग कुठवर आली हे जाहीर व्हायचं, आणि आई ते पाहून कधी हसायची, कधी मुकाट्यानं कणीक तिंबायला घ्यायची. काही महिने रांग पुढं सरके. काही महिने तिथंच. आणि एखाद्या महिन्यात चक्क मागं जाई. रांग मागं कशी जाते हे आईला शेवटपर्यंत कळलं नाही.

नियम साधा होता. नंबर लागेल त्या दिवशी मुलं एकवीस वर्षांच्या आतली आणि बिनलग्नाची असली, तरच आईबापांबरोबर जाणार. एकविसावं उलटलं की मूल त्या अर्जातून गळून पडायचं, पिकल्या पानासारखं. रेवाला एकोणीस पुरी झाली तेव्हा रांग अजून पुष्कळ मागं होती.

त्याच सुमारास निद्रासूट आली.

पाचगणीच्या पठारावर, जांभ्या दगडाच्या भेगांत, एक मातकट बेडूक राहतो. पाऊस संपला की तो भेगेत शिरतो आणि पुढचे आठ महिने हलत नाही. खात नाही, पीत नाही. काळीज एखाद्या कंटाळलेल्या पुजाऱ्यानं घंटा हलवावी तसं, मधूनच एकदा. पुण्याच्या संशोधकांनी त्या बेडकाच्या रक्तात एक प्रथिन शोधलं. आपल्या प्रत्येक पेशीत एक बारीकशी चूल असते. ती जळते म्हणून आपण जगतो, आणि जळते म्हणूनच झिजतो. राख साठत जाते, तिला आपण म्हातारपण म्हणतो. हे प्रथिन त्या चुलीवर झाकण ठेवायचं. आग विझत नाही, नुसती निखाऱ्यावर राहते. शरीर थंड होतं, रक्त सावकाश चालतं, आणि वर्षाची झीज काही दिवसांवर येते.

एकच अडचण होती. थंडीत मेंदूचे धागे सैल पडतात. ते पुन्हा ओवायला माणसाला वर्षातून एक महिना जागं करावंच लागतं. जागं करून, बोलतं करून, हसवून रडवून.

मग अमेरिकेतल्या कुठल्याशा कोर्टात कुणीतरी विचारलं, की जे मूल झोपून राहिलं त्याचं वय कोणतं धरायचं? कॅलेंडरचं की अंगाचं? झाडाच्या खोडात वर्षांची वळी असतात तशा खुणा पेशीतल्या धाग्यावर उमटतात, आणि थेंबभर रक्तात त्या मोजता येतात. कोर्ट म्हणालं, अंगाचं धरा. हीच ती निद्रासूट. जगभरच्या रांगांतली माणसं त्या दिवशी नाचली. मनिलात नाचली, आणंदमध्ये नाचली. वाईत आईनं शेजारीपाजारी पेढे वाटले.

*

पाचगणीला टीबीच्या रोग्यांसाठी बांधलेली एक जुनी दगडी इमारत होती. तिथं निद्रागृह झालं. पसरणीचा घाट चढून चौघं एसटीनं गेली. रेवानं खिडकीची जागा धरली होती आणि वाटभर बडबडत होती.

"मिथू, माझ्या सायकलला हात लावशील तर बघ."

"लावणार."

"माझी निळी ओढणी?"

"ती तर आजच घेणार."

"आई, हिला पण झोपवा गं माझ्याबरोबर!"

डॉक्टर दस्तूर पारशी, पाचगणीतच वाढलेले. त्यांनी रेवाच्या डोक्यावर हात ठेवला. "डीकरा, घाबरू नकोस. डोळा लागेल आणि डोळा उघडेल. मधलं काय तुला समजणार नाय."

"मधलं आम्हाला समजेल ना पण," मिथिला म्हणाली. चौदा वर्षांची होती. तिच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. आई रेवाच्या केसांत शेवटचा कंगवा फिरवत होती.

दर रविवारी घरच्यांनी येऊन झोपलेल्यापाशी बसावं, बोलावं, गावं, असं तिथं सांगत. त्याचा उपयोग होतो की नाही हे कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. पण मिथिला जायची. काचेपलीकडं ताई निजलेली, ओठ जांभूळ खाल्ल्यासारखे. काय बोलावं सुचेना, म्हणून ती ओव्या रचायची आणि हळूच म्हणायची.

*निजली माझी ताई, थंडगार गं दगडात*
*तिच्या वाटचं ऊन, ठेविते मी पदरात*

*

रेवा दर मे महिन्यात जागी व्हायची. आणि घराचं पंचांग उलटंपालटं झालं ते त्यामुळं.

पहिल्या वर्षी संक्रांतीला मिथिला तिळगूळ मागायला स्वयंपाकघरात गेली, तर आई म्हणाली, "ताई नाही तर कसली संक्रांत? मेमध्ये करू." त्याआधी दसराही असाच गेला होता. दिवाळीत सगळ्या आळीत पणत्या, आणि एका घराची ओसरी अंधारी. "मेमध्ये करू."

आणि मेमध्ये खरोखरच केलं. बारा महिन्यांचे सण एका महिन्यात. उन्हानं फरशी तापलेली आणि दारात आकाशकंदील. आमरसाच्या वाटीशेजारी चकली. तिळगूळ घामानं हाताला चिकटायचा. गणपतीची मूर्ती आई भाद्रपदातच आणून कपाटात गुंडाळून ठेवायची.

गुरुजी म्हणाले, "वहिनी, गणपती वैशाखात बसत नाही."

"आमचा बसतो," आई म्हणाली.

आळीनंही सोसलं. शेजारच्या पार्वताकाकू भर उन्हात जरीचं नेसून हळदीकुंकवाला यायच्या, पदरानं वारा घेत. पहाटे आई रेवाच्या अंगाला उटणं लावताना गुणगुणायची.

*उठ उठ लेकी माझे, दारी थांबलं वरीस*
*एका महिन्याच्या ताटी, वाढिते मी बारा मास*

रेवाला सण जेवता जेवता दम लागायचा. एकदा ती मिथिलाला म्हणाली, "मला एक साधा दिवस द्या ना गं. भाजीभाकरीचा. कुणी काही करायचं नाही असा."

"आईला सांग."

"ती रडते."

बाकीचे अकरा महिने घरात साधे दिवसच असायचे. एकाला जोडून एक, कोरडे. मिथिला त्या दिवसांत मोठी झाली. तिला पहिल्यांदा साडी नेसवली ती मेमध्ये, ताईसमोर. दहावीचे पेढे मेमध्ये. जे काही आनंदाचं होतं ते राखून ठेवलं जायचं, आणि ताई उठेपर्यंत शिळं व्हायचं.

पाचव्या मे महिन्यात दोघी आरशासमोर उभ्या राहिल्या तर उंची सारखी, अंग सारखं. जुळ्या वाटाव्यात. रेवा हसली. "आता तू मला अगंतुगं कर."

"ताई ती ताई."

"पुढच्या वर्षी मी तुला ताई म्हणायला लागेन बघ."

पार्वताकाकूंनी दारातूनच विचारलं, "आगं, थोरली कोन आन् धाकली कोन? मला तर कळंना झालंय. का माझीच नजर गेली?"

सगळे हसले. आई हसता हसता आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

*

मग मिथिलाची झोपायची पाळी आली. तिलाही एकोणीस पुरी झाली आणि रांग अजून लांबच. आई तिला घेऊन पाचगणीला गेली. दस्तूरांनी औषध थोडंसं टोचून पाहिलं, रक्त घेतलं. आठवड्यानं निरोप आला. औषध चांगलं लागतंय, केव्हाही या.

निरोप आला त्या दिवशी दिवाळी होती. खरी, कार्तिकातली. मिथिला कॉलेजातून आली तर आई ओसरीवर एकटी बसलेली, समोरच्या घरातल्या पोरांची फुलबाजी बघत. मांडीवर रिकामी परात. काही निवडत नव्हती, काही मळत नव्हती. नुसती परात धरून बसली होती. बाबा दुकानातच होते. सणाला घरी येऊन करायचं काय, म्हणून ते उशिरापर्यंत दुकानात थांबत.

मिथिलाला एकदम दिसलं. आपणही झोपलो तर या घरात अकरा महिने कसे जातील. ही दोघं एकमेकांकडं बघतील, कुणीच काही बोलणार नाही, आणि दोघंही मेची वाट बघत म्हातारी होतील.

"आई, मी नाही झोपणार."

आईला आधी नीट कळलं नाही. कळलं तेव्हा ती उठली आणि तिनं मिथिलाच्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा. मग तोच गाल दोन्ही हातांत धरून म्हणाली, "एकवीस उलटलं की तुला नेता येणार नाही गं बाई. तू इथं राहशील. मी तिथं. मला माहितेय ते कसं असतं. माझी बहीण तिकडं आणि मी इकडं, सतरा वर्षं मी तिच्या आवाजाला कुरवाळत बसलेय."

"मग तुम्ही पण नका जाऊ."

"आणि रेवाचं काय? पाच वर्षं दगडासारखी पडली ती. ती फुकट?"

बाबा आले. सगळं ऐकून घेतलं. हळदीनं पिवळ्या झालेल्या बोटांनी कपाळ चोळत एवढंच बोलले, "रेवाला कळलं तर ती पण उठून बसेल. परत झोपणार नाही."

म्हणून रेवाला खोटं सांगायचं ठरलं. औषध मिथूच्या अंगाला लागत नाही. कुणाकुणाला नाही लागत.

मेमध्ये रेवाला ते सांगितलं मिथिलानंच. रेवा तिच्या डोळ्यांत बघत राहिली. "खरं?"

"खरं. अंगावर पित्त उठलं. ताई, तू नागरिक झालीस की माझ्यासाठी अर्ज टाक ना. मी काय पळून चाललेय?"

"म्हणजे पुन्हा तीच रांग. वीस-पंचवीस वर्षं."

"मग तेव्हा बघू. आधी अनारसा खा, आईनं तळलाय."

*

पुढची वर्षं गेली. मिथिला वाईतच शाळेत लागली. तिला स्थळं यायची, बरी यायची. एक भिलारचा स्ट्रॉबेरीवाला तर दोनदा येऊन गेला, मोकळं हसणारा. पण थोरली बिनलग्नाची असताना धाकटीचं कसं करायचं? आणि थोरलीचं केलं तर व्हिसा गेला. पाहुणे विचारायचे, "मोठी काय करते?"

"झोपलीय," बाबा सांगायचे.

पाहुणे चहा संपवून उठायचे. स्ट्रॉबेरीवाल्यानं तिसऱ्या वर्षी मेढ्याच्या मुलीशी लग्न केलं. मिथिला लग्नाला गेली, जेवली, आणि रविवारी पाचगणीला जाऊन काचेपाशी नेहमीइतकाच वेळ बसली. त्या रविवारी ओवी सुचली नाही.

मिथिला अठ्ठावीस वर्षांची असताना नंबर लागला.

आईनं रांगेची तारीख तीनतीनदा वाचली. बाबांना वाचायला लावली. मग देवापुढं साखर ठेवायला गेली आणि डबा उघडाच ठेवून तिथंच खाली बसली.

मुंबईच्या व्हिसा कार्यालयात चौघं गेली. रेवाच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला. अंगाचं वय वीस आणि वर काही महिने. दारावरच्या रखवालदारानं कागद बघितले, मिथिलाकडं बघितलं आणि अदबीनं म्हणाला, "आपण हिच्या मोठ्या बहीण ना? मोठ्या बहिणीनं बाहेर थांबायचं, मॅडम."

मिथिला बाहेर थांबली. फुटपाथवर एक बाई काकडी कापून विकत होती. मिथिलानं एक घेतली, तिखटमीठ लावून खाल्ली, आणि आपल्याला काय वाटतंय याचा विचार केला नाही. ते तिला चांगलं जमायला लागलं होतं.

*

निघायच्या आदल्या दुपारी स्वयंपाकघरात तिघींनी बॅगा मांडल्या होत्या. बाबांनी दुकानातला ताणकाटा आणला होता. बॅग अडकवायची, उचलायची, काटा बघायचा. लोणच्याची बरणी आत, काटा पुढं. बरणी बाहेर, काटा मागं.

"गोडा मसाला मावशीला लागतो," आई म्हणाली. "आणि हळद. आपल्या दुकानातली शेवटची." दुकान बाबांनी पुतण्याला दिलं होतं. घराची किल्ली मिथिलाकडं. आई बोलता बोलता थांबली, मिथिलाकडं बघितलं आणि "मी जरा शेजारी सांगून येते" म्हणून निघून गेली. पार्वताकाकूंना ती सकाळीच सांगून आली होती.

दोघीच राहिल्या. रेवा फरशीवर मांडी घालून बसली होती, पापडांच्या पुडक्यांना दोरा गुंडाळत. विशीचा चेहरा, नितळ. मिथिलानं तिच्या कपाळावरची बट मागं सारली, लहान पोरीची सारावी तशी. हात मागं घेताना तिच्या लक्षात आलं, की हे आता आपोआप होतं.

"तू विमानतळावर का नाही येत?" रेवानं विचारलं.

"परीक्षेचे पेपर तपासायचेत."

"मिथू."

"अगं खरंच. दोन वर्गांचे आहेत."

रेवानं दोरा तोडला. "सगळ्यांनी मिळून माझं तरुणपण वाचवलंत. अगदी डब्यात घालून ठेवलंत. तुझं कुठं गेलं गं? मला ते बघायलाच मिळालं नाही. दर मेमध्ये तू थोडी जास्तच मोठी. कधी झालीस, काही कळायचंच नाही."

"फार काही बघण्यासारखं नव्हतं."

"मला खरं सांग. पित्त उठलं होतं?"

बाहेर गल्लीत भंगारवाला ओरडत गेला. मिथिलानं ताणकाटा उचलला, त्याचा आकडा सरळ केला, पुन्हा खाली ठेवला. गाडी सकाळी येणार होती. शिक्के बसले होते. ही पोर रागानं उठेल, व्हिसा फाडेल, असलं काही आता होणार नव्हतं. आईचा व्हिसा, बाबांचा व्हिसा, मावशीचं वाट बघणं, चौदा वर्षांची थंडी, सगळं एकाच धाग्यात ओवलेलं. एक मणी ओढला की सगळे सांडणार. ते रेवालाही कळत होतं.

"नाही," मिथिला म्हणाली. "औषध चांगलं लागत होतं. मीच नको म्हटलं."

रेवानं हातातलं पुडकं खाली ठेवलं. "माझ्यासाठी?"

"नाही गं. तुला तर काही कळतच नव्हतं, तू निजलेली. आईबाबांसाठी. दोन्ही पोरी दगडात ठेवून ती दोघं या घरात कशी राहिली असती? मला वाटलं, निदान एकीनं त्यांच्याजवळ असावं."

"आणि आता ती दोघं माझ्याबरोबर चाललीत."

"हो."

"त्यांना थांबता पण येत नाही. आई गेली नाही तर मला जाता येत नाही."

"हो."

"मग तू इथं कुणाजवळ?"

हा प्रश्न मिथिलानं स्वतःला कधी विचारला नव्हता. इतरांनी विचारू नये म्हणून ती वर्षानुवर्षं हसत राहिली होती, थट्टा करत, अनारसे पुढं करत, पेपर तपासत. चौदा वर्षांची असताना एसटीत ताईशेजारी बसून ती निळ्या ओढणीवरून भांडली होती, आणि ओठावर आलेलं दुसरंच काहीतरी गिळलं होतं. दर रविवारी काचेपाशी ते गिळलं. दर मेच्या शेवटी ताईला परत पाठवताना गिळलं. शहाणी मुलगी, सगळे म्हणायचे, किती समजूतदार.

ती रेवासमोर खाली बसली. अठ्ठावीस वर्षांची बाई त्या विशीतल्या पोरीच्या मांडीवर डोकं ठेवून, तोंड तिच्या परकरात खुपसून, अगदी बारीक आवाजात बोलली.

"जाऊ नकोस ना, ताई. तेव्हा पण जायला नको होतंस. मला कुणी विचारलंच नाही."